आतड्याचा कॅन्सर काही भागांत उशिराच का सापडतो?

दर काही महिन्यांनी कुठल्या तरी देशाचा कॅन्सरचा नकाशा बातम्यांत झळकतो. काही जिल्हे गडद लाल, काही फिके, आणि वर मथळा की अमुक भागात आतड्याचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण सर्वाधिक. वाचणारा पटकन दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: तिथल्या खाण्यापिण्यात काहीतरी खोट असणार, नाहीतर तिथली माणसं तरी बेफिकीर असणार. दोन्हींत थोडंफार तथ्य असू शकतं. पण लाल रंग मुख्यतः तिसरीच गोष्ट सांगत असतो. आजार सुरू झाल्यापासून तो कुणाच्या तरी नजरेस पडेपर्यंत किती काळ गेला, ही. आणि हा काळ रुग्णाच्या शरीरापेक्षा त्याच्या आसपासची आरोग्यव्यवस्था जास्त ठरवते.

आतड्याचा कॅन्सर म्हणजे इथे मोठं आतडं आणि त्याचा शेवटचा भाग, म्हणजे गुदाशय, या दोन्हींचा कॅन्सर. २०२२ मध्ये जगभरात त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसं दगावली. रुग्णसंख्येत हा कॅन्सर जगात तिसरा आहे आणि मृत्यूंमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरखालोखाल दुसरा.

## उशिरा म्हणजे नेमकं किती उशिरा?

डॉक्टर या आजाराच्या चार स्टेज मानतात. पहिल्या स्टेजमध्ये कॅन्सर आतड्याच्या भिंतीच्या आतल्या थरांत असतो, दुसऱ्या स्टेजमध्ये तो जवळपास पूर्ण भिंत पोखरतो. तिसऱ्या स्टेजमध्ये तो शेजारच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे शरीरातला द्रव गाळणाऱ्या बारीक गाठींमध्ये पोहोचतो. चौथ्या स्टेजमध्ये तो दूरच्या अवयवांत जातो, बहुतेक वेळा यकृतात किंवा फुप्फुसात.

फरक केवढा पडतो? अमेरिकेतल्या नोंदींनुसार कॅन्सर आतड्यापुरताच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर दहापैकी नऊ जण हयात असतात. आसपास पसरलेला असेल तर साधारण सात. दूर गेलेला असेल तर दहातले दीडच. चौथ्या स्टेजमध्येही यकृतातल्या मोजक्या गाठी शस्त्रक्रियेने काढता आल्या, तर काही रुग्ण कित्येक वर्षं जगतात. पण असे थोडेच.

स्टेज ठरते कशी, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा तुकडा पॅथॉलॉजीच्या टेबलावर येतो. त्याला चिकटलेल्या पिवळ्या चरबीत पॅथॉलॉजिस्ट बोटांनी चाचपत बारीक नोड शोधतो. काही नोड जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे असतात, सहज निसटतात. सापडलेला प्रत्येक नोड कापून, काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. किमान १२ नोड तपासावेत, असा संकेत आहे. समजा सहाच सापडले आणि सगळे स्वच्छ निघाले, तर रिपोर्टवर 'दुसरी स्टेज' येईल. पण न सापडलेल्या सातव्यात कॅन्सर असला तर? म्हणजे एकाच रुग्णाची स्टेज एका रुग्णालयात दुसरी आणि दुसऱ्या रुग्णालयात तिसरी लागू शकते. नकाशातला फरक काही वेळा इथून, टेबलाशीच, सुरू होतो.

शिवाय 'उशिरा' या शब्दाची व्याख्याही सगळे एक धरत नाहीत. काही अभ्यास फक्त दूर पसरलेल्या केसेस मोजतात. अमेरिकेत त्या साधारण चारात एक आहेत. काही अभ्यास आसपास पसरलेल्याही त्यात धरतात, मग तोच आकडा निम्म्याच्या वर जातो. दोन बातम्यांतले आकडे जुळत नसले, तर आधी ही व्याख्या तपासा.

## वेळ तर भरपूर असतो

या आजाराची एक गोष्ट माणसाच्या बाजूने आहे: तो सावकाश वाढतो. बहुतेक वेळा सुरुवात होते ती आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या, निरुपद्रवी गाठीतून. तिला पॉलिप म्हणतात. पेशींच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साचत जातात आणि काही पॉलिपांचा कॅन्सर होतो. १९९० मध्ये एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टीन या शास्त्रज्ञांनी बिघाडांची ही साखळी मांडली. या प्रवासाला साधारण दहा वर्षं लागतात.

घराच्या भिंतीत पाणी मुरायला लागतं तसंच हे. आतून पाइप पाझरत असतो, बाहेर रंग कोरा करकरीत. कुणी मुद्दाम भिंत तपासली तर दुरुस्ती तासाभराची. डाग दिसल्यावर बघितलं तर खर्च वाढतो, आणि पोपडे गळून सळ्या दिसायला लागल्यावर मात्र भिंतच पाडायची वेळ येते. दोन वस्त्यांतले पाइप सारखेच पाझरत असतील, तरी जिथे भिंती तपासायची पद्धतच नाही तिथे पडझड जास्त दिसणार.

लक्षणं नसताना मुद्दाम केलेल्या अशा तपासणीला स्क्रीनिंग म्हणतात. आतड्याच्या बाबतीत तिचा फायदा दुहेरी आहे. कॅन्सर लवकर सापडतो हा एक. पण पॉलिप वेळीच काढला तर त्यातून कॅन्सर होतच नाही, आणि हे इतर फारच थोड्या कॅन्सरना लागू पडतं.

## दोन आकडे, दोन वेगळ्या गोष्टी

बहुतेक गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

'उशिरा सापडण्याचं प्रमाण' दोन तऱ्हांनी मोजतात. एक, दर लाख लोकांमागे किती जणांचा कॅन्सर उशिरा सापडला. दोन, एकूण रुग्णांपैकी किती टक्के उशिरा सापडले. ऐकायला सारखं वाटतं, पण निष्कर्ष उलटेसुद्धा निघू शकतात.

समजा 'क' भागात लाखामागे ६० जणांना हा कॅन्सर होतो आणि त्यातले २४ उशिरा सापडतात. 'ख' भागात लाखामागे फक्त २० जणांना होतो, पण त्यातले १२ उशिरा सापडतात. लाखामागे मोजलं तर 'क'ची अवस्था दुपटीने वाईट. टक्क्यांत मोजलं तर 'क' ४० टक्के आणि 'ख' ६० टक्के, म्हणजे 'ख' वाईट. दोन्ही खरं आहे. 'क'मध्ये आजाराचं ओझं मोठं आहे, तर 'ख'मध्ये आजार कमी असला तरी तो शोधायची सोय तोकडी आहे. जगातल्या ज्या देशांत हा कॅन्सर अजून तुलनेने कमी आहे, त्यातले बरेचसे 'ख'सारखे आहेत.

आता 'क'ने स्क्रीनिंग सुरू केलं असं धरू. पहिल्या एक-दोन वर्षांत दबून राहिलेल्या केसेस वर येतात आणि एकूण आकडा ७५ वर जातो. त्यात उशिराच्या २२, म्हणजे २९ टक्के. मथळा येतो, 'कॅन्सर वाढला'. आणखी काही वर्षांनी पॉलिप काढल्याचा परिणाम दिसतो: एकूण ४५, उशिराच्या १५. टक्केवारी चढून ३३ झाली! परिस्थिती मात्र स्पष्टपणे सुधारलेली आहे, कारण उशिरा सापडणारी माणसं २४ वरून १५ वर आली. माझं मत विचाराल तर लाखामागचा आकडा जास्त प्रामाणिक आहे. टक्केवारीत छेद, म्हणजे एकूण रुग्णांचा आकडा, सतत हलत असतो.

## मग भागाभागांत फरक कशाने पडतो?

पहिलं आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे स्क्रीनिंग लोकांपर्यंत पोहोचतं का. आणि पोहोचणं म्हणजे फुकट असणं नव्हे. इंग्लंडमध्ये २००६ पासून शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारं किट मोफत, थेट घरी पोस्टाने येऊ लागलं. डॉक्टरकडे जायलाही नको. तरी सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत गरीब वस्त्यांतल्या ३५ टक्केच लोकांनी ते वापरून परत पाठवलं, आणि सर्वांत सधन वस्त्यांतल्या ६१ टक्के लोकांनी. घरातली गर्दी, कामाचे तास, सरकारी पत्र उघडायचीच धास्ती, 'नसती ब्याद कशाला शोधायची' ही भावना, सगळंच यात आलं. किळसही आलीच, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही एवढंच.

आताची फिट नावाची चाचणी त्या मानाने सुटसुटीत आहे. टोकाला खाचा असलेली एक काडी शौचाच्या पृष्ठभागावर दोन-चार ठिकाणी फिरवायची, द्रव असलेल्या नळीत परत खोचायची, वर तारीख लिहायची आणि पाठवून द्यायची. तारीख लिहायची राहिली तर नमुना बाद होऊ शकतो.

दुसरं कारण किट परत गेल्यानंतरचं. चाचणीत रक्त आढळलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. त्यानंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचीक नळी घालून केलेली आतड्याची पाहणी, करावीच लागते. ती करणारे प्रशिक्षित हात आणि यंत्रं मोजकी असतात, आणि जिथे ती मोजकी तिथे रांग लांब. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, चाचणीत रक्त आढळल्यावर कोलोनोस्कोपी दहा महिन्यांपलीकडे लांबली, तेव्हा कॅन्सर आणि पुढच्या स्टेजचा कॅन्सर सापडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

या रांगेचा एक परिणाम सहसा बातमीत येत नाही. शौचात किती रक्त सापडलं की 'पॉझिटिव्ह' म्हणायचं, ही मर्यादा प्रत्येक देश आपापल्या सोयीने ठरवतो. नेदरलँड्सने २०१४ मध्ये कार्यक्रम सुरू केला तेव्हा ती दर ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम होती. कोलोनोस्कोपीचा भार झेपेना, म्हणून त्याच वर्षी ती ४७ केली. इंग्लंडने २०१९ मध्ये हीच चाचणी आणली ती १२० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेने, स्कॉटलंडने मात्र ८० ठेवली. म्हणजे ९० मायक्रोग्रॅम रक्त असलेला माणूस त्या काळात सीमेच्या एका बाजूला 'तपासणीला या' आणि दुसऱ्या बाजूला 'सगळं ठीक' असं ऐकत होता. आजार तोच.

तिसरं कारण लक्षणांनंतरच्या वाटेचं. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, कारण नसताना घटलेलं वजन, रक्त कमी झाल्याने येणारा थकवा, हे सगळं मूळव्याध, अपचन किंवा कामाचा ताण म्हणून महिनोन् महिने खपून जातं. कायमचा डॉक्टर असलेल्या माणसाला कुणीतरी 'परत या' म्हणणारं असतं. नसलेला माणूस शेवटी आतडं पूर्ण अडल्यावर तातडीच्या विभागात येतो. इंग्लंडमध्ये अशा आणीबाणीत निदान होणाऱ्यांचं प्रमाण बरीच वर्षं चारात एकाच्या आसपास होतं.

## 'पण आनुवंशिकता आणि खाणंपिणं?'

असतंच. धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, प्रक्रिया केलेलं मांस, बैठी जीवनशैली, घरात कुणाला हा आजार असणं, यांनी धोका वाढतो. अलास्कातल्या मूळ रहिवाशांमध्ये हा कॅन्सर जगात सर्वाधिक प्रमाणात आढळतो, आणि ते केवळ उशिरा शोधल्यामुळे होतं असं कुणी म्हणणार नाही. पण ही कारणं प्रामुख्याने आजार किती जणांना होतो ते ठरवतात. तो कधी सापडतो, हा वेगळा प्रश्न.

अमेरिकेत मिसिसिपी नदीचं खालचं खोरं आज या कॅन्सरच्या मृत्यूंसाठी कुप्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००९ ते २०११ या काळात तिथला मृत्युदर देशाच्या इतर भागांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होता. पण १९७० च्या सुमारास तोच भाग इतरांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी होता! चाळीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. राहणीमान बदललं हे खरं, पण याच काळात देशाच्या इतर भागांत स्क्रीनिंग आणि उपचार पोहोचले आणि या गरीब, ग्रामीण पट्ट्यात ते मागे राहिले.

उलट दिशेचं उदाहरण अमेरिकेतल्याच डेलावेअर या छोट्या राज्याचं. तिथे कृष्णवर्णीयांमध्ये हा कॅन्सर जास्त होता आणि उशिराही सापडायचा. २००२ मध्ये राज्याने कार्यक्रम सुरू केला. विमा नसलेल्यांची कोलोनोस्कोपी सरकारी खर्चाने, कॅन्सर निघालाच तर उपचारही, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक रुग्णालयात हात धरून वेळ घेऊन देणाऱ्या, आठवण करणाऱ्या परिचारिका. २००९ पर्यंत कृष्णवर्णीयांमधलं स्क्रीनिंग ४८ वरून ७४ टक्क्यांवर, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीला आलं. त्यांच्यात पसरलेल्या अवस्थेत सापडणाऱ्या केसेस ७९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आल्या. जनुकं तीच होती, खाणंही रातोरात बदललं नव्हतं. पैशांपेक्षा त्या परिचारिकांनी जास्त काम केलं असावं असा माझा कयास आहे, कारण फुकट किट घरी येऊनही काय होतं ते इंग्लंडमध्ये दिसलंच.

## 'लवकर सापडल्याने आकडे सुंदर दिसतात, माणूस वाचतो का?'

ही शंका रास्त आहे. एखाद्याचा मृत्यू २०२६ मध्ये होणारच असेल आणि कॅन्सर २०२४ ऐवजी २०२० मध्ये सापडला, तर तो 'दोन वर्षांऐवजी सहा वर्षं जगला' असं कागदावर दिसेल. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नसेल. म्हणून पाच वर्षांच्या हयातीवर विसंबून चालत नाही, मृत्यू मोजावे लागतात.

ते मोजले गेलेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लोकांचे गट पाडून केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले: दरवर्षी शौचाची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते, आणि तीस वर्षांच्या पाठपुराव्यातही फरक जवळपास तेवढाच राहिला.

मग २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या अशाच अभ्यासाने खळबळ का उडवली? कोलोनोस्कोपीचं आमंत्रण मिळालेल्या गटात दहा वर्षांत कॅन्सर १८ टक्क्यांनीच कमी झाला आणि मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. 'कोलोनोस्कोपी निरुपयोगी' असे मथळे आले. पण आमंत्रितांपैकी तपासणी करून घेतली ती फक्त ४२ टक्क्यांनी. मोजला गेला तो आमंत्रणाचा परिणाम, तपासणीचा नव्हे. शिवाय दहा वर्षांत विकसणाऱ्या आजाराचे मृत्यू तपासायला दहा वर्षं अपुरी पडतात. प्रदेशांच्या बाबतीत मात्र या अभ्यासातून कामाची गोष्ट कळते. कार्यक्रम आहे एवढ्याने नकाशा फिका होत नाही, किती जण आले त्यावर तो ठरतो.

## 'नकाशाच फसवा असेल तर?'

कधीकधी असतो. पाच हजार वस्तीच्या तालुक्यात वर्षाला दोन-तीन केसेस असतात. एखादी इकडची तिकडे झाली की तालुका फिक्याचा गडद होतो. म्हणून चांगले अभ्यास अनेक वर्षांची बेरीज करतात, शेजारच्या भागांचा आधार घेतात आणि वयाचा फरकही काढून टाकतात, कारण म्हातारी वस्ती असलेल्या भागात कॅन्सर जास्त दिसणारच.

याहून चोरटी अडचण म्हणजे स्टेजच न लिहिलेल्या केसेस. नोंदी कच्च्या असलेल्या भागात अशा केसेस बऱ्याच असतात. त्या वगळल्या की भाग उगाच चांगला दिसू शकतो. याउलट, एखाद्या जिल्ह्यात नवं स्कॅन यंत्र आलं की पूर्वी न दिसणारे यकृतातले बारीक ठिपके दिसू लागतात आणि चौथ्या स्टेजच्या केसेस वाढतात. तिथे नकाशा लाल होतो तो चांगल्या सोयीमुळे! फिका रंग नेहमीच शाबासकी देण्यासारखा नसतो.

## 'आणि तरुणांचं काय?'

अनेक श्रीमंत देशांत पन्नाशीच्या आतल्यांमध्ये हा कॅन्सर वाढतो आहे. अमेरिकेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना, १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट आहे. कारणांचा पूर्ण उलगडा झालेला नाही. अभिनेता चॅडविक बोझमनला २०१६ मध्ये तिसऱ्या स्टेजचं निदान झालं आणि २०२० मध्ये, ४३ व्या वर्षी तो गेला, तेव्हा हा विषय घराघरांत पोहोचला. अमेरिकेने २०२१ मध्ये स्क्रीनिंगचं वय ५० वरून ४५ वर आणलं. त्यानंतर लगेचच ४५ ते ४९ वयोगटात सुरुवातीच्या स्टेजच्या केसेस झपाट्याने वाढल्या. 'क' भागाचं उदाहरण आठवा: हा आजाराचा नवा उद्रेक नव्हे, दबलेल्या केसेस वर आल्या.

पंचेचाळिशीच्या आतल्यांना मात्र बहुतेक देशांत सरसकट स्क्रीनिंग नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी सगळी भिस्त लक्षणांवर. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर तपासणी चाळिशीत किंवा त्याआधीच सुरू करावी लागते, आणि ही माहिती डॉक्टरला आपणहून सांगायची असते. शौचावाटे रक्त दोन-तीन आठवडे जात असेल, तर वय कितीही असो, 'मूळव्याधच असेल' यावर न थांबता 'कोलोनोस्कोपीची गरज आहे का' असं थेट विचारावं. उत्तर 'नाही' आलं, तर रक्त थांबलं नाही तर परत कधी दाखवायचं ते विचारून घ्यावं.